लूनाच्या पुढे पळणारा झेंडू

कुत्र्यांच्या दवाखान्यात काम केलं की दोन गोष्टी अंगाला चिकटतात. केस आणि किस्से. केस ब्रशने निघतात. किस्से निघत नाहीत. आपण भलतीकडेच कुठेतरी उभे असतो आणि एखादा हळूच बाहीवर दिसतो.

बी.एस्सी. झाल्यावर मी गंगापूर रोडवर आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळायचे. पाकिटातलं डॉग फूड तेव्हा नाशिकला नवीन होतं. बहुतेक कुत्री दूध-पोळीवर वाढायची. शहरातल्या प्रत्येक कुत्र्याच्या पोटात नीट अन्न गेलं पाहिजे, ही माझी तेव्हाची क्रांती! फक्त, माझ्याइतकी घाई दुसऱ्या कुणालाच नव्हती.

* * *

एका काकांना त्यांच्या लॅब्रॅडॉरसाठी मी उत्तम पाकीट काढून दिलं. सगळं समजावलं. घटकांच्या यादीत पहिलं नाव मांसाचं हवं, मक्याचं नको. मोजून घालायचं. वजन वाढलं की सगळा भार सांध्यांवर येतो.

काकांनी मन लावून ऐकलं. पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि परत केलं.

"हे नको. यावर अल्सेशियनचा फोटो आहे. आमच्या ब्रूनोला चालायचं नाही!"

* * *

अंबडच्या एका कारखान्यातले सुपरवायझर आले. "ॲक्टिव्ह कुत्र्यांसाठी ते भारी फूड असतं ना, ते द्या. आमचा डॉबरमन फार ॲक्टिव्ह आहे."

"दिवसभर काय करतो?"

"गेटला बांधलेला असतो."

"मग ॲक्टिव्ह कसा?"

"अहो, भुंकतो किती!"

* * *

तात्या मखमलाबादकडचे. झेंडूची शेती. रोज पहाटे लूनावर फुलांची दोन गाठोडी लादून पंचवटीत फुलबाजारात जायचे. सोबत त्यांचा कुत्रा. रंग अगदी फुलासारखा, म्हणून नावही झेंडू.

झेंडू लूनाच्या मागे पळायचा नाही. पुढे पळायचा! वाटेतल्या पाटाच्या पुलावर आधी पोचायचा, थांबायचा आणि मागे वळून बघायचा. 'येताय ना?' तात्या आले की पुन्हा सुसाट.

मग एका हिवाळ्यात तो पुलावर मागाहून पोचला. दुसऱ्या दिवशीही. तात्या त्याला घेऊन दवाखान्यात आले.

डॉक्टरांनी मागचे पाय हलवून पाहिले. "खुबे झिजलेत. पळणं बंद. हळूहळू चालवा, ते चांगलंच. पण पळू द्यायचं नाही."

मी लगेच सुरू झाले. "तात्या, एवढ्या वयाच्या कुत्र्याला कशाला पळवता?"

"मी कुठं पळवतो, ताई? मी लूना चालवतो. पळतो त्यो!"

* * *

तात्यांना मी पाकिटं वाचायला शिकवलं. एका स्वस्त पाकिटावर पहिलंच नाव मक्याचं निघालं. तात्या हसत सुटले.

"मका इकत आणू व्हय? बांधावर उभा हाय की माझ्या!"

त्यांनी चांगलं पाकीट घेतलं आणि सांध्यांची पावडरही. मी बजावलं, की हिचा गुण दिसायला महिने लागतात, तोही थोडाच.

"थोडाच म्हंजी? पुलापातुर पळंल ना?"

मी उगीचच पुढचं पाकीट सरळ करत राहिले.

* * *

त्याच पावडरीचा आणखी एक किस्सा. कॉलेज रोडच्या एक आजी चिडून आल्या. "तीन डबे संपले, आमची टिपू लंगडतेच आहे!"

मी विचारलं, "रोज देता ना?"

आजी जरा घुटमळल्या. "म्हणजे, तिला उरली तर. हे घेतात ना. पहिल्या डब्यापासून यांचे गुडघे कसे मस्त झालेत! दोन जिने चढतात."

मी गारच पडले. घर कडक शाकाहारी. डबा पुढे करून म्हटलं, "आजी, अहो, ही कुत्र्यांची. आणि हिला चिकनची चव असते!"

आजींनी डबा माझ्या हातून घेतला.

"असू दे. यांना चिकनची चव माहितेय कुठे?"

* * *

"तुमच्याकडे कुठला आहे हो?" हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारायचं. आणि माझ्याकडे कुत्रा नव्हता! आईचं ठरलेलं, "लग्न झाल्यावर पाळ काय पाळायचं ते." घरी गेले की कुर्त्यावरचे केस मी झटकायचे नाही. तेवढेच.

एकदा मी काही सांगायच्या आधीच आतून डॉक्टर ओरडले, "तिच्याकडे सगळेच आहेत. फक्त संध्याकाळी आपापल्या घरी जातात!"

* * *

तीन-चार महिन्यांनी झेंडूचं वजन उतरलं, लंगडणं कमी झालं. पण पळणं नाही ते नाहीच. तात्या त्याला बांधून बाजाराला जायला लागले. लूनाचं पेडल मारलं, इंजिन फुरफुरलं, की तो असा रडायचा म्हणे, की शेजारची वस्ती उठायची.

एक दिवस त्याने दोर तोडला. तात्या बाजारातून परतले तर झेंडू पुलावर पडलेला. मागचे पाय उचलत नव्हते. तोंड मात्र बाजाराच्या रस्त्याकडे.

रिक्षातून आणलं. इंजेक्शन, विश्रांती. मी तात्यांवर भडकलेच. "त्याला लूनावर बसवून न्या ना!"

"बशिवला होता, ताई. गाठोड्यावर. उडी मारून खाली. त्याला बसायचं नाय, त्याला जायचं हाय." झेंडूच्या कानामागे खाजवत ते म्हणाले, "आन मला तरी एकट्याला कुठं जमतंय? पूल आला की कुणी वळून बघत नाय."

तात्यांनी पावडरीचा नवा डबा घेतला आणि गेले.

* * *

त्या वर्षीचा दसरा. झेंडूवाल्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा बाजार. जो आधी पोचला त्याला जागा, त्यालाच भाव. आईने फुलं आणायला पिटाळलं होतं. मी म्हटलं, मळ्यावरूनच ताजी घेऊ. उजाडताना माझी स्कूटी मखमलाबाद रोडला लागली.

समोरून टेम्पो, जीपा, बुलेट, सगळे फुलं लादून बाजाराकडे धावत होते. आणि कडेने एक माणूस, दोन टम्म गाठोडी लादलेली लूना हाताने ढकलत येत होता. इंजिन बंद. घामाने निथळलेला.

तात्या!

मी करकचून ब्रेक मारला. "तात्या, आजच्या दिवशी पेट्रोल संपलं? थांबा, माझ्या गाडीतलं काढून देते!"

तात्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"टाकी फुल्ल हाय, ताई. तुमची गाडी तेवढी बंद करा, लूनावानीच वाजती."

मी स्कूटी बंद केली. तेव्हा दिसलं. गाठोड्यांच्या पलीकडून झेंडू पुढे निघाला होता. एक-एक पाय टेकत, शेपूट वर. तो पाटाच्या पुलावर पोचला, थांबला आणि मागे वळून बघायला लागला.

"आलो रं, आलो!" तात्या लूना रेटत ओरडले. "तुझ्यावानी पळाया येतंय व्हय मला?"