पायरीवरचा निळा

मॅचिंग सेंटरमधलं कापड आधी उजेडात बघायचं आणि मगच घ्यायचं, हा आमच्या घरचा नियम. काल आईही घरून आणलेली जुनी साडी आणि दुकानातला ब्लाउजपीस घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डाव्याचं ती ‘एकावर भागतंय की’ म्हणत टाळते. खरं तर घाबरते. तिने एक डोळा झाकला, मग दुसरा.

“अगं, नव्या डोळ्याला निळी दिसते आणि जुन्याला मळकट हिरवी!”

“काकू, साडी एकच आहे हो,” दुकानदार हसला.

साडी एकच, ऊनही एकच. पण डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं पिवळं होत जातं, निळा उजेड अडवतं, आणि उरलेल्यालाच मन साडीचा रंग मानतं. इतकं हळूहळू हरवलेलं लक्षात तरी कसं यावं? पण ते परत मिळतं, हे काल मी पाहिलं.

आईने साडीवरून हात फिरवला. “तुझ्या बाबांनी आणली तेव्हा अशीच होती. मला वाटायचं, विटली.” मग म्हणाली, “ब्लाउजपीस राहू दे. आधी दुसरा डोळा करून घेऊ.”

मी कामांच्या यादीत ब्लाउजपीस खाली ढकलला आणि सगळ्यात वर लिहिलं: डॉक्टरांना फोन.