पांडेसऱ्यातून सुटणारं पाणी

सुकलालभाऊ सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवतात आणि त्याच पाळीत पारोळ्याकडच्या आपल्या शेतात हरभराही भिजवतात. तरुणपणी शेताला वीज यायची ती रात्रीच. रात्रपाळीच करायची तर पगाराची तरी करू, म्हणून ते सुरतेला आले. आता धाकट्या भावाने, उखाने, सौर पंप बसवला आणि शेताला कायमची दिवसपाळी लागली. भाऊ मात्र इकडेच राहिले.

पंप मोबाइलवरून चालतो हे कळल्यापासून भाऊंचा अंगठा गावीच असतो. मिलच्या धुरातून ऊन मंद दिसलं की ते उखाला फोन करून आज पाणी कमी येईल असं बजावतात. तिकडे उखा डोक्याला रुमाल गुंडाळून रणरणत्या उन्हात उभा असतो.

एकदा उखा हरभऱ्याला पाणी देऊन लग्नाला गेला. भाऊंना काही बंद पंप बघवेना. त्यांनी तो चालू केला आणि मोबाइलवर कौतुकाने बघत बसले. संध्याकाळी उखा परतला तर शेतात तळं. आठवड्यात हरभरा पिवळा पडला.

उखाने फोनवर भरपूर ऐकवलं. मग म्हणाला, आजूबाजूच्या सगळ्यांनी जमिनी सौर वीज बनवणाऱ्या कंपनीला भाड्याने दिल्यात, आपणही देऊ. भाडं घरबसल्या येईल.

"मील सोड, भाऊ. घर ये."

हे वाक्य ऐकायला भाऊंनी उभा जन्म वाट पाहिली होती. आलं ते शेत वजा करून.

भाऊंना जेवण गेलं नाही. त्यांच्या बायकोने, कलाबाईंनी, वरण पुन्हा गरम केलं, तेही निवलं.

"तठे जाईसन काय करशात?" त्या म्हणाल्या. "सोलरच्या काचा पुसशात?"

"पुसायला पाणी लागत असेल ना?" भाऊंनी अगदी मनापासून विचारलं. कलाबाई हसणार होत्या, पण त्यांचा चेहरा पाहून राहून गेल्या.

सकाळी भाऊंनी उखाला होकार कळवला. फक्त विहिरीकाठचा तुकडा तेवढा द्यायचा नाही, म्हणाले. उखाला हायसं वाटलं. त्या तुकड्यात काय पेरायचं, त्याने विचारलं.

भाऊ पाळीवर होते. मागे मिलची यंत्रं धडधडत होती.

"काहीच पेरू नको," ते म्हणाले. "मी घर येस."