शाहूपुरीतल्या दोन खोल्या

आयुष्यात काय कमावलंस, असं मला कुणी विचारलं तर मी शाहूपुरीतल्या दोन खोल्यांचं नाव घेते. त्या भाड्याच्या होत्या, तरीही घेते. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

कोल्हापूर संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. यांची कचेरीतली नोकरी टिकली, पण राहायला धड जागा मिळेना. माणसं वाढत होती आणि खोल्या होत्या तेवढ्याच. आम्ही गुळाच्या एका वखारीच्या माडीवर राहत होतो. खाली गुळाच्या ढेपा, वर आमचा संसार. पहिले दोन दिवस वास बरा वाटला. मग मुंगळे आले. पिठात मुंगळे, अंथरुणात मुंगळे. डब्यांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या तर छतावरून उतरायचे. पोरगी तान्ही होती. एका सकाळी तिचा कान सुजून लालबुंद झाला, रडून रडून आवाज बसला. त्या दिवशी मी यांना सांगून टाकलं, "जागा बघा, न्हायतर मी पोरीला घेऊन कागलला माहेरी जातो."

जागा अगदीच नव्हत्या असं नाही. पण मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, तुमच्यात मटण खातात का? कचेरीतल्या मित्रांनी यांना पढवून ठेवलं होतं की सरळ माळकरी म्हणून सांगायचं. अशी गळ्यात माळ घालून जागा मिळवलेली मंडळी आमच्या ओळखीत होती. आता कोल्हापूरचा माणूस मटणावाचून किती दिवस काढणार? एखाद्या रविवारी फोडणीचा वास गल्लीभर जायचा आणि सोमवारी बिऱ्हाड रस्त्यावर यायचं.

शेवटी शाहूपुरीत दोन खोल्यांची एक जागा कळली. गल्लीच्या आत, कौलारू, शहाबादी फरशीची, अंगणात नळ. मालकीण जैन, विधवा, बेळगावकडच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. एकट्याच पुढच्या भागात राहायच्या आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकायच्या. त्यांनी तो प्रश्न विचारला. यांनी घसा खाकरून "आम्ही मा..." एवढं सुरू केलं आणि मी यांना तिथंच तोडलं.

"आमच्यात खात्यात, अक्का. पण तुमच्या घरात शिजणार न्हाय. अंडंसुद्धा न्हाय."

यांचा चेहरा पडला. अक्कांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग पोरीच्या कानाकडे, आणि "बघू या की" म्हणाल्या. त्या संध्याकाळी आम्ही सामान हलवलं. पोरगी रात्रभर झोपली. मी मात्र जागीच होते, तिच्याकडे बघत. एवढं सुख मला तोवर ठाऊक नव्हतं.

सुगी झाल्यावर माझा थोरला भाऊ कागलहून एसटीनं आला. बहिणीच्या बिऱ्हाडी पहिल्यांदाच येत होता. रिकाम्या हातानं येईल तर तो माझा भाऊ कसला! काखेत जिवंत कोंबडा घेऊन आला, तांबडा, रुबाबदार. आल्या आल्या त्याला अक्कांच्या अंगणात नळाजवळ बांधला आणि सदरा काढत म्हणाला, "चांगला झणझणीत रस्सा कर."

मी सांगितलं, "दादा, हितं शिजत न्हाय. मी शब्द दिलाय."

त्याला आधी थट्टाच वाटली. मग त्याचा आवाज चढला. "मी एवढ्या लांबनं आलो ते वांग्याची भाजी खायला व्हय? तुझ्या घरात तुझंच चालत न्हाय?"

"माझंच चालतंय म्हणून न्हाय म्हणतो!" मीही ओरडले. आमच्या घराण्यात हळू बोलणं कुणालाच जमत नाही.

मी भरली वांगी आणि भाकरी वाढली. त्यानं ताटाला हात लावला नाही. कोंबडा काखेत मारला आणि तरातरा निघून गेला. भाऊ बहिणीच्या दारातून उपाशी गेला, आमच्याकडे याहून मोठी नामुष्की नाही. मी चुलीपाशी बसून रडले. त्यात अंगणात पिसं पडलेली, आणि अक्का खिडकीत उभ्या. म्हटलं, भाऊ गेला आणि आता जागाही जाणार. पोरीला परत त्या मुंगळ्यांत घेऊन जावं लागणार.

अक्कांनी हाक मारली. मी भांडायच्या तयारीनंच गेले. "अक्का, कोंबडा आला खरा, पण..."

"आलेला बघितला, गेलेलाबी बघितला. भाऊ न जेवता गेला?"

"व्हय."

त्यांनी वहाणा घातल्या आणि चालू लागल्या. मी पोरीला उचलून मागं धावले. स्टँडवर दादा कागलच्या गाडीची वाट बघत फुरंगटून बसला होता. एरवी देवळाशिवाय कुठं न जाणाऱ्या अक्का त्या गर्दीत त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"पावणं, उठा. माझ्या घरातनं कुणी उपाशी गेल्यालं मला चालत न्हाय."

दादा गडबडून उठला. "अक्का, पण ह्यो कोंबडा?"

"त्योबी येऊ दे. जित्ता."

दिवस मावळायच्या आत अक्कांनी दादाला आपल्या पुढच्या सोप्यात पाटावर बसवून स्वतः वाढलं. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तुपाची धार. आधी तो मान खाली घालून जेवत होता, मग आमटी मागून घ्यायला लागला. कोंबडा अंगणात ज्वारी टिपत होता. कागलला परत गेल्यावर त्याचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

हात धुतल्यावर अक्कांनी दादाला माळ्यावर चढवलं आणि आपल्या मुलांचा लाकडी पाळणा खाली काढायला लावला. त्यांची मुलं फार दिवस जगली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी पाळणा पदरानं पुसला आणि दादानं आमच्या खोलीतल्या तुळईला दोर आवळून बांधला. मी पोरीला आत ठेवलं. अक्का झोका देऊ लागल्या.

तेवढ्यात हे कचेरीतून आले आणि टोपी हातात धरून दारातच थांबले. अक्कांनी त्यांना सुनावलं, "ही चालाय लागंस्तवर हितनं कुणी हलायचं न्हाय. तवर पाळण्यात दुसरं असंल, मग त्याचं बघू."