फेडरेशनचं मागचं गेट

आमच्या कॉलनीत पाच बिल्डिंगा आणि त्यांचं मिळून एक फेडरेशन. पाण्याची टाकी, रस्ता, बाग आणि दोन गेटं एवढंच त्याच्याकडे; बाकी ज्याची त्याची सोसायटी बघते. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, म्हणून असल्या गोष्टी आपल्याला फार कळतात असा माझा समज होता. डोंबल कळतंय!

ठराव करायची आमची एक रीत आहे. मीटिंगला कुणी फिरकत नाही. मग वॉचमन रजिस्टर घेऊन दारोदार हिंडतो आणि लोक दारातच, उजव्या हाताला कणीक असली तर डाव्या हाताने, सही ठोकतात. वाचत कुणीच नाही.

गेल्या वर्षी असंच रजिस्टर आलं तेव्हा मी पेपर तपासत होते. माझ्या वडिलांनी, आप्पांनी ते हातात घेतलं. आप्पा ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेले, मूळ कळवणकडचे. चष्मा लावून त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"पोरी, यात लिवलंय, मयत मागच्या गेटनंच न्यायची. पुढं पोरं खेळतात म्हणून. आपल्या बिल्डिंगला इचारलं का कुणी?"

"फेडरेशननं ठरवलं असेल, आप्पा."

"मंग ते फेडरेशन हाय का सरकार?"

झालं! मला शिकवायचा चेव आला. पेपर बाजूला सारून मी अख्खा धडा घेतला. सरकार हुकूम सोडतं, नाही ऐकलं तर पोलीस पाठवतं. फेडरेशन तसं नसतं, आप्पा. आपापलं घर शाबूत ठेवून चार गोष्टी मिळून सांभाळायला आपण राजीखुशीनं एकत्र येतो. आपण दिलं तेवढंच त्याचं.

"तेच म्हन्तो मी. हे आपण दिलं का?"

"द्या इकडं, वॉचमन ताटकळलाय," म्हणत मी सही केली.

आप्पांची संध्याकाळ पुढच्या गेटपाशी जायची. तिथं त्यांची निळी प्लास्टिकची खुर्ची होती. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायचे. त्या दिवशी खाली जाताना म्हणाले, "मला मात्र पुढूनच न्या बरं का." मी हसण्यावारी नेलं.

दिवाळीनंतर आप्पा गेले. सकाळी बुद्धवंदना झाली, शववाहिका आली, आणि पुढच्या गेटला कुलूप. वॉचमनचे डोळे भरलेले. "मॅडम, माझी नोकरी जाईल," एवढंच बोलला. मी तशीच अनवाणी फेडरेशनच्या अध्यक्षांच्या दारात गेले. हात जोडले. ते चहा घेत होते. त्यांनी शांतपणे रजिस्टर उघडून माझी सही दाखवली.

"मॅडम, तुम्हीच असं करायला लागलात तर सरकार कसं चालायचं?"

सरकार म्हणाले ते. वर्गात पोरांना झापणारी मी, तिथून तशीच मागे फिरले.

मागच्या गेटला कचऱ्याचे डबे असतात. माणसं नाकाला रुमाल लावून आप्पांच्या मागे चालली. वळताना पाहिलं, पुढचं गेट उघडलं होतं. कुणाचा तरी नवा सोफा घेऊन टेम्पो आत येत होता. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, आणि जास्त राग माझाच येतो.

खुर्ची मी तिथंच ठेवली होती. दुपारी वॉचमन बसायचा, मला बरं वाटायचं. या महिन्यात पुन्हा रजिस्टर आलं. पुढच्या गेटजवळ खासगी खुर्च्या ठेवू नयेत. या वेळी मी शब्दन् शब्द वाचला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, नामंजूर.

"बाकीच्यांच्या सगळ्या सह्या झाल्यात, मॅडम," वॉचमन खाली बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर खुर्ची जागेवर नव्हती. मागच्या गेटला, डब्यांपाशी पडली होती. तिलाही त्यांनी मागूनच काढलं.