हूडच्या मावशी

हूडच्या मावशींना सकाळी नमस्कार केला तर त्या उत्तर द्यायच्या नाहीत. ‘नमस्कार ऱ्हाऊ दे, हात दाखव,’ म्हणायच्या. मग आपण दोन्ही हात पुढे करायचे, आधी तळवे वर, मग खाली. अंगठी असली की काढायला लावायच्या. बांगड्या खुळखुळत असल्या तर त्याही. कुठे कापलेलं, खरचटलेलं दिसलं तर पट्टी लावल्याशिवाय आत सोडायच्या नाहीत. हे सगळं दारात उभं राहून. एमएस्सीची मुलं, पीएचडीची मुलं, नव्याने लागलेले प्राध्यापक, सगळ्यांनी रांगेत यायचं. एकदा बाहेरगावच्या एका पाहुण्या प्राध्यापकांनी हात पुढे केले आणि हसत विचारलं, ‘काय म्हणतंय आमचं भविष्य?’ मावशी म्हणाल्या, ‘अंगठी काढा, मंग ठीक हाय.’ त्यांनी मुकाट्याने काढली.

नांदेडला विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात त्या परिचर होत्या. कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मध्ये थोडे दिवस घरी, पुन्हा अकरा महिने, अशी सतरा-अठरा वर्षं झाली होती त्यांना. मूळच्या जळकोटच्या. आमच्याकडे मावशी तिघी: एक ऑफिसच्या, एक झाडलोटीच्या आणि एक हूडच्या. हूड म्हणजे सरकत्या काचेचं मोठं कपाट. विषारी वाफ निघणारं काम त्याच्या आत करायचं, वरचा पंखा ती वाफ ओढून गच्चीवरून बाहेर फेकतो. विभागात असं एकच धड कपाट होतं, त्याला वेगळी खोली होती आणि खोलीची किल्ली मावशींच्या कमरेला. मी औशाची. घरात बीएस्सीनंतर पुढे शिकलेली पहिली मुलगी मीच. माझं पीएचडीचं सगळं काम त्या एका कपाटात होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातनंच आलं.

पंखा चालू आहे की नाही हे बटणावरून ओळखायचं नाही, असा मावशींचा नियम होता. बटणावरचा दिवा लागतो, आवाजही येतो, पण पंखा ओढतोच असं नाही. त्या जुन्या उत्तरपत्रिकेची बोटभर रुंद पट्टी फाडायच्या आणि काच थोडी वर करून फटीपाशी धरायच्या. पट्टी आत वळली की म्हणायच्या, ‘ओढून राहिला.’ सरळ खाली लोंबली की काचेच्या मुठीला लाल चिंधी बांधायच्या. आणि शंभर पानी वहीत तारखेपुढे लिहायच्या, पंखा चालू किंवा पंखा बंद. अक्षर मोठं, शाळेतल्या मुलीसारखं. ती वही त्यांना कुणी ठेवायला सांगितली नव्हती, आणि कुणी वाचायचंही नाही.

बाटल्या त्याच लावायच्या. एकदा माझ्याच हातून सौम्य आम्लाच्या बाटलीवर ‘कॉन्क’, म्हणजे तीव्र, अशी इंग्रजी चिठ्ठी लागली आणि तीव्रवर ‘डिल’. मावशींनी दोन्ही बाटल्या माझ्यासमोर आणून ठेवल्या. ‘वाच,’ म्हणाल्या. मी वाचलं. ‘आता हालवून बघ. जड कोणती हाय?’ मी चिठ्ठ्या सोलून काढल्या. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, ‘तुला डोळे हायेत, मला बी हायेत. पण ह्या बाटलीपाशी उद्या कोण येईल, काय माहीत.’ मावशी बारावी सायन्स झाल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. प्रयोगशाळा सहाय्यकाच्या जागेसाठी दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा मुलाखतीत विचारलं म्हणे, ‘बाई, सिलिंडर उचलता येईल का?’ विभागातले सगळे सिलिंडर त्याच ढकलत आणायच्या.

मग पंखा गेला. मावशींनी चिंधी बांधली आणि वहीत रोज ‘पंखा बंद’ लिहू लागल्या. विभागप्रमुख म्हणजे माझेच मार्गदर्शक, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. सर वाईट नव्हते, हेच तर अवघड आहे. त्यांनी दुरुस्तीसाठी तीन पत्रं लिहिली, तिन्ही पत्रं कुठल्या तरी टेबलावर पडून राहिली. आणि तपासणीची समिती येणार होती, सगळ्यांना अहवाल द्यायचे होते. बादल्यांना लाल रंग लागला, आग विझवायच्या नळकांड्यांना नवे कागद चिकटले. चिंधी तेवढी समितीला दिसायला नको होती.

देवणीची एक मुलगी माझ्यामागून दोन वर्षांनी आली होती. अबोल, कामाला वाघीण. मार्चमध्ये महिला दिनाचा कार्यक्रम होता आणि सभागृहात चहा द्यायला माणसं कमी पडत होती, म्हणून मावशींना तिकडे पाठवलं. त्या दिवसापुरती किल्ली सरांकडे ठेवायला लावली. सरांनी चिंधी सोडली, खिडकी उघडली आणि त्या मुलीला म्हणाले, ‘खिडकीतून हवा येते, उरकून घे.’ ती ब्रोमीन ओतत होती. मी शेजारच्या खोलीत होते. खोकला ऐकून धावले तेव्हा कपाटाबाहेर तांबूस वाफ आलेली आणि ती जमिनीवर बसलेली. मी तिला ओढत व्हरांड्यात आणलं. दोन दिवस दवाखान्यात होती, बरी झाली. वडील आले, बॅग भरली आणि देवणीला घेऊन गेले. ती परत आली नाही. तिची टेबलावरची वही कितीतरी दिवस तशीच पडून होती, कुणाला उचलावीशी वाटली नाही.

चार दिवसांत नोटीस लागली. सुरक्षेच्या कारणास्तव मुलींनी हूडच्या खोलीत चारनंतर थांबू नये, आणि काम करताना सोबत एखादा मुलगा असावा. मुलांसाठी एक ओळही नव्हती. मावशी नोटीस वाचून सरळ सरांच्या खोलीत गेल्या. मी तिथेच बसले होते. ‘सर, पंखा बंद हाय तर खोली समद्यांनाच बंद करा. वाफ काय पोरगा-पोरगी बघती का?’ सर थकलेल्या आवाजात म्हणाले, ‘बाई, मुलींचीच जबाबदारी मोठी असते.’ ‘जिम्मेदारी पंख्याची हाय सर. ती पोरींच्या डोक्यावर कामून टाकून राहिलात?’ सरांनी समोरची फाईल उघडली.

तिसऱ्या दिवशी पंखा दुरुस्त झाला. इतके महिने न सापडलेला वायरमन एका सकाळीच हजर. दुपारी सरांनी मला बोलावलं. टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला कागद होता. अपघाताच्या दिवशी पंखा चालू स्थितीत होता, परिचर महिलेने तो सुरू केला नाही, तिला इंग्रजी सूचना वाचता येत नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. सर म्हणाले, ‘चौकशी लागली तर खोलीला सील लागेल. तुझी पाच वर्षं गेली समज. बाईंची ऑर्डर तशीही संपत आलीये. तुझं सगळं पुढे आहे.’ आणि नोटीस मला लागू नाही, मला हवं तितकं थांबता येईल, हेही म्हणाले. मावशींची वही त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यात होती. ती त्यांनी मागवून घेतलेली.

मी सही केली. दोन मिनिटं लागली असतील, त्यातलं एक पेन शोधण्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी मी दारात पोचले तेव्हा मला नजर वर करवेना. ‘हात दाखव,’ मावशी म्हणाल्या. मी दाखवले. त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितले, मला वाटलं कुठे कापलंय की काय. मग कमरेची किल्ली काढून माझ्या तळव्यावर ठेवली. ‘जा. पंखा ओढून राहिलाय.’ त्यांना काही ठाऊक नाही, असं मी मनाशी धरलं आणि आत गेले. फार बरं वाटलं होतं मला तेव्हा. आज लिहिताना लाज वाटते.

दीड महिन्याने त्यांची ऑर्डर संपली आणि नवी आली नाही. निरोपसमारंभ कंत्राटी माणसांचे होत नाहीत. एका शनिवारी कापडी पिशवीत डबा आणि चष्मा टाकून त्या निघाल्या. मी गेटपर्यंत गेले. ‘येत जा अधूनमधून’ असलं काहीतरी बोलले. त्या म्हणाल्या, ‘काम पुरं कर, माय.’ मी पुरं केलं. विभागात पीएचडी करणाऱ्या बाकीच्या दोन मुलींनी त्या नोटिशीपायी विषय बदलून कागदावर होणारं काम घेतलं. माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात सरांचं नाव आहे, आईवडिलांचं आहे. मावशींचं घालायचा धीर झाला नाही.

आता मी लातूरला एका महाविद्यालयात शिकवते. सुरक्षा समिती माझ्याकडे आहे आणि समान संधी कक्षही, कारण दोन्हींना माणूस मिळत नव्हता. वर्षातून दोनदा फॉर्म भरायचे, खाली सही करायची. ह्या दिवाळीनंतर आमच्या हूडचा पंखा गेला. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, ‘वायुवीजन समाधानकारक’. त्यापुढे टिक करायची, एवढंच काम. प्राचार्यांनी दोनदा आठवण केली. मी फॉर्म पर्समध्ये घेऊन फिरत होते. एका रविवारी उठले आणि जळकोटची बस धरली.

घर सापडायला वेळ लागला नाही. पत्र्याचं, स्वच्छ, भिंतीवर बुद्धाची तसबीर. मावशी आता खूप वाळल्यात. मला ओळखलं आणि सवयीने म्हणाल्या, ‘हात दाखव.’ मी दाखवले. बोटात लग्नातली अंगठी. ‘आता असू दे,’ म्हणाल्या आणि हसल्या. मग मला रडू आलं, आणि मी एका दमात सांगून टाकलं की त्या कागदावर सही माझी होती.

‘ठाऊक हाय,’ मावशी म्हणाल्या. ‘झेरॉक्स मीच काढून आणली की त्याची.’

मला कळेना. त्यांनी नीट सांगितलं. त्या दिवशी मी निघून गेल्यावर सरांनी बेल मारली आणि तो कागद मावशींच्याच हातात दिला, तीन प्रती काढून आणा म्हणून. बाईला इंग्रजी येत नाही, असं सरांनी कागदात लिहिलं होतं आणि ते त्यांना स्वतःलाच खरं वाटत होतं. ‘दिवसभर बाटल्यावरचं वाचती मी. कागदावरचं न्हाई वाचणार व्हय?’ मावशी म्हणाल्या. झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून त्यांनी तो सगळा वाचला होता. खालची सही ओळखली होती. प्रती काढल्या, नीट जुळवून टेबलावर आणून ठेवल्या. आणि दुसऱ्या सकाळी माझे हात बघून मला किल्ली दिली होती.

‘राग नाही आला?’

‘आला की. लई आला. चार दिस घास गेला न्हाई. पण तुला किल्ली देली नसती तर माझी ऑर्डर वाढली असती का? तुझं काम अर्धं हुतं. अर्धं काम टाकून पोरगी घरी गेली की परत येत न्हाई. देवणीची आली का?’

‘नाही.’

‘मंग.’

चहा झाला. कपबशा उचलताना त्यांनी सहज विचारलं, ‘तुमच्या कालेजात पंखा ओढतो का?’ मी नाही म्हणाले. ‘कधीपासून?’ दिवाळीपासून, म्हटलं. त्यांनी कपबशा विसळल्या, पालथ्या घातल्या, आणि मला बसस्टँडपर्यंत सोडायला आल्या.

सोमवारी मी त्या रकान्यात ‘पंखा बंद’ असं लिहून फॉर्म दिला. प्राचार्यांनी तो वाचला, चष्मा काढून डोळे चोळले. तेही वाईट नाहीत. म्हणाले, ‘बरं मॅडम, मग दुरुस्ती होईपर्यंत निदान मुलींना आत पाठवू नका. उगाच जोखीम नको.’ अगदी काळजीने म्हणाले. मी म्हटलं, ‘सर, पंखा बंद तर खोली सगळ्यांनाच बंद.’ आणि कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली.

वायरमन अजून आलेला नाही. सहकारी माझ्याशी कामापुरतं बोलतात, मुलं कुरकुर करतात. मला दमायला होतं, खोटं कशाला बोलू. रोज सकाळी मी खोली उघडते, जुन्या उत्तरपत्रिकेची पट्टी फाडून काचेच्या फटीपाशी धरते. ती सरळ खाली लोंबते. वहीत लिहिते, पुन्हा कुलूप लावते. दारात तोवर चार-सहा मुलं-मुली जमलेली असतात, आज उघडेल ह्या आशेवर. मी त्यांना हात दाखवायला सांगते. काल एक मुलगी वैतागून म्हणाली, ‘मॅडम, खोली बंदच आहे, तर हात कशाला बघता?’ तिचे पुढे केलेले तळवे मी जरा जास्त वेळ बघत राहिले. माझे असेच होते त्या सकाळी, आणि मावशींनी सगळं वाचूनही त्यांवर किल्ली ठेवली होती.