शाळेत आई नसते

सकाळचे दहा वाजले की आई मला ओळखेनाशी होई.

भाकरी खाऊन झाली की ती माझ्या हातात पाटी-दप्तर देऊन मला मागच्या दारानं बाहेर काढी. मी घराला वळसा घालून पुढच्या ओसरीवर येई, तर तिथं पांढरं लुगडं नेसून बाई बसलेल्या. "उशीर झाला. घर लांब आहे का?" त्या विचारत. एकदा पोट दुखलं म्हणून मी त्यांच्या मांडीवर डोकं टेकायला गेले. "शाळेत आई नसते," त्या म्हणाल्या, "घरी जाऊन सांग." आणि लगेच त्या दिवसापुरती शाळा सोडून दिली.

दुपारी मी पुन्हा वळसा घालून मागच्या दारी येई, तोवर साधं लुगडं नेसून आई चुलीपाशी हजर. "आज बाईंनी काय शिकवलं?" मी सांगेन ते ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐके. मी कागाळी करी, "बाई फार रागीट आहेत." "असतील. एकच मुलगी वर्गात, सगळा राग तुझ्याच वाट्याला येणार."

रहिमतपूरपासून कोसभर आत आमचं गाव. ख्रिस्ती घर आमचं एकच. गावच्या शाळेत मला दाराबाहेर बसवलं, तेव्हा आई कुणाशी भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ओसरी सारवून घेतली. पुढं मी बी. ए. झाले, आमच्या घराण्यात पहिलीच. पण तो निकाल ऐकायला ती राहिली नव्हती.

महायुद्धामुळे रॉकेल मिळत नसे. संध्याकाळची प्रार्थना चुलीच्या उजेडात होई. वडील मिशनचे प्रचारक, म्हसवडकडच्या गावांतून महिना महिना फिरत. त्यांची चटई आई तरीही रोज अंथरी. स्तोत्र संपलं की डोळे मिटून म्हणे, "प्रभो, हिच्या बाईंना बुद्धी दे. त्या बिचाऱ्या चौथीपर्यंतच शिकल्या आहेत." मी मोठ्यानं आमेन म्हणे.

चौथीचं पुस्तक संपलं, त्या दुपारी आईनं नेहमीचा प्रश्न विचारला नाही. "तुझ्या बाई भेटल्या होत्या," ती म्हणाली. "म्हणाल्या, माझ्याजवळचं संपलं. मुलीला सांगलीच्या बोर्डिंगात घाला."

"मग तू काय म्हणालीस?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "म्हटलं, विचार करते."

विचाराला तिला सगळा उन्हाळा लागला. शेजारच्या तानूमावशी एकदा कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "पोरगी धाडताय, आन धनी तर कवा घरात नसत्यात. तुमी एकल्याच ऱ्हानार व्हय?"

"प्रभू आहे की सोबतीला."

"त्यो हाय वो. पर सांच्याला बोलाया कोन?"

आई कुंपणावरचे वाळलेले कपडे काढत राहिली.

वडील मला पोचवायला निघाले. स्टेशनवर आई पांढरं लुगडं नेसून आली होती. मी बिलगून रडायला लागले, तशी तिनं माझे हात हलकेच सोडवले. "रडायचं ते घरी आल्यावर. आईजवळ." गाडी हलली तरी बाईंचा चेहरा तसाच होता.

नाताळच्या सुट्टीत वडील मला घेऊन आले. वेशीपाशी तानूमावशी भेटल्या. "तुजी आय रोज दुपारची मागल्या दारात हुबी ऱ्हाती," त्या म्हणाल्या. "म्या इचारलं, कुनाची वाट बगताय? तर म्हनली, शाळा सुटायची येळ झाली."

वडील पुढच्या दारानं आत गेले. मी ट्रंक ओसरीवर ठेवली. बाईंचं बसायचं घोंगडं भिंतीशी गुंडाळून ठेवलेलं होतं. मी घराला वळसा घातला.

आई दारातच होती, साध्या लुगड्यात. तिनं मला जवळ ओढलं. मग डोळे पुसून म्हणाली, "आज बाईंनी काय शिकवलं?"

मी चुलीपाशी बसले आणि जूनपासूनचं सांगायला लागले.