नखवाले डॉक्टर आणि माझा अंगठा

कोल्हापूरच्या समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या नखवाल्या डॉक्टरांनी उभ्या हयातीत कुणाचं तोंड आधी पाहिलं नाही. आधी बोटं, मग माणूस. माझ्या भाचीच्या लग्नात स्टेजवर चढून त्यांनी नवरदेवाचा हात हातात घेतला, तो सोडेचनात. फोटोग्राफर ताटकळला. "बोटं पाण्यात लई असत्यात काय रं?" नवरदेव लाजून म्हणाला, "हॉटेल हाय आमचं."

शिवाजी पेठेत त्यांच्या दवाखान्याखाली माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुपारचा चहा रोज एकत्र. डाव्या अंगठ्याच्या नखाशी मला एक टणक कोंब फुटला, तेव्हा जिना चढून थेट त्यांच्यापुढे अंगठा धरला.

"चामखीळ हाय. जाळून टाकू."

जाळली. पुन्हा आली. तीनदा जाळली. दर वेळी पाठीवर थाप, "लई चिवट हाय, तुझ्यासारखीच!" नखात आधीपासून एक बारीक चर होता, तो खोल होत होत नख दुभंगलं. त्या नखाने स्क्रू उचलणं बंद झालं. बायको म्हणाली, "पुण्याला दाखवा की." मी तिच्यावरच डाफरलो. आमच्या डॉक्टरांवर शंका?

चौथ्या खेपेला त्यांनी भिंग लावून नखाचा चर बुडापर्यंत न्याहाळला. मग कोंब मुळापासून काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, साधी गाठ, पण क्वचित दिसणारी. "लसणाच्या पाकळीसारखी असती बघ. नशीबवान हायस," एवढंच म्हणाले. मी पेढे वाटले. अशी गाठ ओळखायला आमचेच डॉक्टर लागतात, असं पेठभर सांगत सुटलो.

महिन्याभराने त्यांचा निरोप आला, "अंगठा घेऊन ये." डॉक्टर लोकांची सभा होती. आता सत्कारच, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलो. पडद्यावर माझा अंगठा, बैलगाडीच्या चाकाएवढा! आमची दोस्ती तुटली ती तिथेच.

डॉक्टर माईकवर म्हणाले, "ही चामखीळ नव्हती. बुडाशी कातडीचं कडं होतं, नखात चर होता. पहिल्याच दिवशी तुकडा तपासायला हवा होता. मी तीनदा जाळली. हे नख आता कधीच सरळ येणार नाही. चूक माझी."

सभागृहाने कडकडून टाळ्या वाजवल्या. असं चारचौघांत कबूल करायला केवढी छाती लागते! मीही टाळीसाठी हात उचलले होते. पण रिपोर्ट आल्यापासून महिनाभर हा माणूस रोज माझ्यासमोर बसून चहा पीत होता. मी ताडकन उभा राहिलो आणि ओरडलो, "आन् ह्ये मला कधी सांगणार हुतासा?"